गुरुवारचा लोबान आणि मावशींचा फ्रिज

आमच्या लातूरच्या फ्रिज-एसी दुरुस्तीच्या दुकानात दर गुरुवारी संध्याकाळी दोन गोष्टी हमखास होतात. उस्ताद लोबान फिरवतात आणि मला शिंका येतात. मी आयटीआय केलं नांदेडला, पण हात बसला तो उस्तादांकडेच. माणूस लाखात एक, फक्त नव्या गॅसशी त्यांचं जमत नव्हतं. जुना गॅस पेटायचा नाही, त्यामुळे पाइप कापायचा, फुस्स झालं की चहा सांगायचा, ही त्यांची पद्धत. नवा गॅस पेटतो, तो मोकळ्यावर, आगीपासून लांब सोडायचा, हे सांगून माझ्या तोंडाला फेस आला. "बेटा, तू जन्मली नव्हती तवापासून गॅस सोडून राहिलो," म्हणत ते खिशात बिडी चाचपायचे.

त्या गुरुवारी शेजारच्या खाणावळवाल्या मावशींचा फ्रिज आला होता. गॅस कुठेतरी गळत होता, म्हणून थंड होत नव्हता. मी सामान आणायला बाजारात गेले. परतले तर दुपारी उन्हाच्या झळा नकोत म्हणून ओढलेलं शटर अजून जवळजवळ पार खाली. वाकून पाहिलं, फ्रिजचा पाइप कापलेला, म्हणजे उरलासुरला गॅस दुकानातच कोंडलेला. उस्ताद गायब.

उस्ताद चहाच्या टपरीवर धुपाटण्यात निखारे भरायला गेले होते. तिकडून ते लोबानाचा धूर उडवत आले. इकडून मावशी आल्या, हातात ताट, ताटात हळदकुंकू आणि पेटलेलं निरांजन. मशीन दुरुस्त झालं की ओवाळायचं, हा त्यांचा नेम. झालं नसलं तरी आधीच ओवाळून टाकायचं, हा त्यांचा स्वभाव. दोन्हीकडून दोन धर्म विस्तव घेऊन चालून आले आणि मधे शटरसमोर हात पसरून मी.

"मागं व्हा दोघंबी."

"लई शानी झालीस. फ्रिजला न्हाई तर काय तुझ्या स्कूटीला ओवाळू?" मावशी म्हणाल्या.

"लोबाननं कुणाचं वाईट झालंय का कधी?" उस्ताद म्हणाले.

एरवी या दोघांचं दुकानासमोरच्या खरकट्या पाण्यावरून रोज वाजतं. त्या दिवशी मात्र त्यांची माझ्याविरुद्ध युती झाली. मी आधी ताट आणि धुपाटणं रस्त्याच्या पलीकडे ठेवायला लावलं, मग शटर हळूच वर केलं. उस्ताद मदतीला धावले. "पंखा लाव, सगळा निघून जाईल बाहेर."

"बटणाला हात लावू नका, उस्ताद. तिथंच ठिणगी पडती."

मी त्यांच्यावर आवाज चढवला होता. असं आधी कधी झालं नव्हतं. मी घाबरले होते. दुकानापासून लांब, रस्त्यापलीकडच्या ओट्यावर आम्ही तिघं वारा खेळायची वाट बघत बसलो. आतला गॅस पेटणारा असला की फ्रिजच्या पाठीवर ज्वाळेचं चित्र असतं, हे मी उस्तादांना सांगितलं. ते चित्र त्यांना इतके दिवस कंपनीचं निशाण वाटत होतं. मला हसू आलं, पण मावशी हसल्या नाहीत.

"पोरी, घरी ह्या फ्रिजच्या बाजूलाच माझं देवघर हाय. समई दिवसरात तेवत असती. अन् हा मेला कवापासून गळून राहिला आसंल?"

खाणावळीत त्या वेळी जेवणाऱ्यांची पहिली पंगत बसत होती, ताटांचा आवाज इकडे येत होता.

उस्ताद उठले. टपरीवरून पाण्याचा जग आणला आणि धुपाटण्यावर ओतला. निखारे चरचरले. दर गुरुवारी जे धुपाटणं ते कुणाला हात लावू देत नाहीत, ते त्यांनी स्वतः विझवलं. त्या गुरुवारी मला शिंक आली नाही, रडू आलं.