आवाज तेव्हाही येत होते

दवाखान्यात जाताना माणसानं टापटीप जावं, हा आमच्या मायचा नियम. वेणी घट्ट, साडी इस्त्रीची. मी भिंतीकडे तोंड करून पडले की ती म्हणायची, "जीपमधले लोकं काय म्हणतील? जरा बरी झाली की मंग जाऊ." त्यामुळे जाफराबादहून जालन्याला पोचणारी मी कायम बरी झालेलीच असायची. अशा हसतमुख पेशंटचं डॉक्टरांनी तरी काय करावं? एकांनी उदासीच्या गोळ्या दिल्या, तर मी झोपबीप सोडून अख्खं घर रंगवायला काढलं. दुसऱ्यांनी नुसत्या भासांवर, म्हणजे मला ऐकू येणाऱ्या आवाजांवर, उपचार केले आणि उदासी तशीच राहिली. या सगळ्यात मी शाळेत शिकवत होते तो चौथीचा वर्ग हातचा गेला. मला तो परत हवा होता, बाकी कशाची फिकीर नव्हती.

मग जालन्यातच, मस्तगड भागातल्या डॉक्टर मॅडम भेटल्या. त्यांनी विचारलं, "मन अगदी ठिकाणावर असतं, उदासही नाही आणि उधाणलेलंही नाही, तेव्हा आवाज येतात?"

"तव्हा न्हाई," मायनं परस्पर सांगून टाकलं. "तव्हा बिलकुल चांगली राह्यते. आता बघा की, कशी बसली."

"आत्ताबी येऊन राह्यले," मी म्हणाले.

मायला हे मी कधी सांगितलंच नव्हतं. मी चांगली दिसले की घरात शिरा व्हायचा. आवाजांचं सांगून त्यात मिठाचा खडा कोण टाकणार? त्या आवाजांतला एक म्हातारा तर शिऱ्यालाही नावं ठेवायचा.

मॅडमचा चेहरा मात्र उजळला. "आता जुळलं. मन ठिकाणावर असतानाही आवाज येतात, म्हणजे भासांचा आणि मनाचा असे दोन्ही आजार एकमेकांत मिसळलेत, म्हणून एकाचं औषध पुरत नव्हतं." आवाजांसाठी एक गोळी, मन सावरायला दुसरी, अधूनमधून रक्ताची तपासणी. आणि मायला ताकीद, बरी व्हायची वाट न बघता वाईट दिवशीच आणायचं. मायनं ती इतकी मनावर घेतली, की पुढच्या खेपेला मला विस्कटलेल्या केसांनिशी जीपमध्ये पुढे बसवलं. कुणी वळून बघितलं की स्वतःच सांगायची, "आजारी हाय, दवाखान्यात नेऊन राह्यले." रडतारडता मला हसू फुटलं.

डोस बसेपर्यंत काही महिने गेले, हात थरथरायचे, झोप अनावर व्हायची. गोळ्या अजूनही चालू आहेत. पण यंदा जूनमध्ये चौथीचा वर्ग परत मिळाला. पहिल्याच तासाला पोरांनी नुसता कल्ला केला. मी खडू धरून ऐकत राहिले, एकेक चेहरा बघत. प्रत्येक आवाजाला तोंड होतं. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. गप्प बसा म्हणायला मनच होईना.