अक्षरांवर पाय द्यायचा नाही: सांगलीतलं एक प्रदर्शन आणि आमच्या आत्या

सासूबाईंना मी आत्या म्हणते. माण तालुक्यातल्या त्यांच्या गावाला येणारी एकुलती एक एसटी गाडी बंद झाली आणि तिथल्या पोरींची शाळा कायमची सुटायची वेळ आली. बायकांनी ठरवलं, सोमवारी डेपोसमोर धरणं धरायचं. फलक रंगवायचं काम साहजिकच साताऱ्यात राहणाऱ्या चित्रकलेच्या शिक्षिकेवर, म्हणजे सुनेवर, आलं. मी लगेच कामाला लागले. म्हणजे कामाला लागायच्या तयारीला लागले.

खरं सांगायचं तर मी घाबरले होते. पेपरात फोटो आला आणि मुख्याध्यापकांनी माझं अक्षर ओळखलं तर? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तशातली गत. तेवढ्यात कळलं, सांगलीत निषेधाच्या चित्रांचा इतिहास दाखवणारं प्रदर्शन आलंय. भिंतींवर, जमिनीवर, सगळीकडे प्रकाशाची चित्रं आणि आपण मधोमध. अभ्यासाशिवाय फलक कसा काढणार, असं म्हणून मी रविवारी निघाले.

"मी बी येते," आत्या म्हणाल्या. "तू लय अभ्यास करतीस."

जाणाऱ्यांनी साताऱ्याहून सकाळची सांगली गाडी धरावी. कराड, पेठ नाका, आष्टा असा रस्ता. तीन तास धरून चाला, महामार्गाचं काम आडवं आलं तर जास्तच. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढे फुकट. आत्यांनी कंडक्टरला कार्ड दाखवलं आणि म्हणाल्या, "फुकट हाय ते बरं हाय. पर गावात गाडीच न्हाई, तर फुकटात बसायचं कशात?"

"आजी, ते काय माझ्या हातात हाय व्हय?"

"आसंच म्हणत्यात समदी."

कराडला गाडी थांबते, तिथे वडा गरम मिळतो. मी ब्लॉगसाठी त्याचे फोटो काढत बसले आणि तो गार झाल्यावर खाल्ला. आत्यांनी घरच्या भाकरीचं फडकं कधीच सोडलं होतं, त्यांना फोटो काढायचा नव्हता.

प्रदर्शनाच्या दारात चपला काढायच्या होत्या. तिथल्या ताईंनी नियम सांगितला: जमिनीवरच्या चित्रांवरून चालत राहायचं, आपण चाललो की चित्र पुढे सरकतं. आत अंधार, कुठूनतरी डफाचा आवाज. कोळशाने भिंतीवर लिहिलेल्या घोषणा, लाकडी ठशांची पोस्टरं, संपातले लाल फलक अंगावरून वाहत होते. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? पण शेजारच्या जोडप्याला ऐकू जाईल अशा बेताने मी "रेषेतला आक्रोश बघा" असंही म्हणाले. कुणी बघितलं नाही.

मग पायाखाली रस्त्यावर बसलेल्या बायका आल्या, हातात फलक घेऊन. आत्या जागीच थांबल्या. "अक्षरावर पाय देऊ न्हाई," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात पसरून मागच्यांनाही अडवलं. लहानपणी कागदाला पाय लागला तर तो कपाळाला लावलेली माणसं सगळी. हां हां म्हणता अख्खा घोळका भिंतीकडेला सरकला. चालणारं कुणी उरलं नाही आणि चित्र अडकलं.

ताई धावत आल्या. "आजी, चाला ना, चित्र पुढं जात नाही."

"न्हाई जाऊ दे. ह्या बाया उठल्यात का? त्यांचं काम झाल्याबिगर आमी कशाला पुढं जायचं?" असं म्हणून आत्या भिंतीला टेकून खाली बसल्या. पलूसच्या दोघी शेजारी बसल्या. "आवं आजी, कुठल्या गावच्या तुमी?" झालं, बंद गाडीची सगळी कहाणी निघाली. निषेधाचा अभ्यास करायला आलेली मी मात्र कोपऱ्यातला माहितीफलक पुन्हा पुन्हा वाचत होते, जणू या बाईंची आणि माझी ओळखच नाही.

"ती माझी सून," आत्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "उद्याचा फलक तीच काढणार हाय. लय भारी काढती."

मी अजून एकही रेघ ओढली नव्हती, आणि हे त्यांना माहीत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईंनी शेवटी कॉम्प्युटरवरूनच चित्र पुढे ढकललं.

येताना सांगलीचं भडंग घ्या, एक पाकीट वाटेतच संपतं. संध्याकाळी घरी पोचल्या पोचल्या मी बसले. तुटकं चाक, त्यातून उडणारी चिमणी, मागे निळा अंधार.

"चिमणी कशाला?" आत्यांनी विचारलं. "तिला कुठं गाडी लागती?"

खोडलं सगळं. लाल रंगात ठळक लिहिलं, 'आमच्या गावची गाडी सुरू करा.' चहा निवायच्या आत झालं.

प्रदर्शन बघावं का? जरूर बघा, जागा बदलत असते म्हणून आधी फोन करा. गावची गाडी आता सुरू आहे, सकाळची एकच फेरी. दुसरीसाठी भांडण चालू आहे. पण प्रदर्शन आठवलं की डोळ्यांपुढे येतो तो त्यानंतरचा सोमवारच. माझा बेत होता, फलक बायकांच्या हातात द्यायचा आणि दुपारच्या गाडीने साताऱ्याला परतायचं. सकाळी मुख्याध्यापकांना 'पोट बिघडलंय' असा मेसेजही टाकला होता. पण बहुतेकींचे खांदे आखडलेले, हात वर जाईना, त्यामुळे फलक माझ्याकडेच राहिला. दुपारी डेपोचे साहेब बाहेर आले. "वर कळवलंय. उद्या बघू."

"मग आमी बी उद्यापतूर हितंच," आत्या म्हणाल्या.

मी फोन काढला आणि लिहिलं, 'सर, पोट बरं आहे. आमच्या गावची गाडी सुरू व्हावी म्हणून डेपोसमोर बसले आहे. उद्याही येणार नाही.' पाठवलं, आणि फलक दुसऱ्या हातात घेतला.