विद्याधर परचुऱ्यांच्या तीन चिठ्ठ्या

संरक्षण खात्याच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं सुट्या भागांतली केसाएवढी चीर शोधणाऱ्या विद्याधर परचुऱ्यांना स्वतःचं काय चाललंय ते मात्र कळत नव्हतं. कळत होतं ते एवढंच, की मजा येतेय! चेन्नईतल्या वेस्ट मांबलमचा रस्ता कापसाचा झाला होता, इडलीवाली अप्सरेसारखी दिसत होती आणि त्या सोमवारी सकाळी बोलता बोलता त्यांचं कपाळ अलगद सांबाराच्या वाटीत टेकलं.

"अहो!" अर्चना किंचाळली.

"अगं, गार झालंय, भाजलं नाही," म्हणत ते खो-खो हसत सुटले.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा मणका दुखावला होता. त्यावरच्या वेदनाशामक गोळ्या दुखणं थांबल्यावरही सुटेनात, म्हणून ते दीड महिन्यापासून वेलचेरीच्या व्यसनमुक्ती केंद्रात जात होते. तिथे रोज जिभेखाली ठेवायची एक गोळी मिळे. तिने तलफ गेली, पण झोप काही येईना. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून झोपेची गोळी आली, हाडांच्या डॉक्टरांकडून नसांसाठी कॅप्सूल आली. तीन डॉक्टर, तीन चिठ्ठ्या, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. विद्याधररावांनी तो लागूच दिला नव्हता.

त्याच सोमवारी केंद्रातल्या बैठकीत ते उठून उभे राहिले. "एक विनोद सांगतो. एक इन्स्पेक्टर असतो..." आणि खुर्चीत बसून त्यांनी हनुवटी छातीला लावली. मंडळी हसली. नक्कल भारीच!

सहाना सिस्टर हसली नाही. तिने मनगटावरचं घड्याळ पाहत त्यांचे श्वास मोजले. मिनिटाला जेमतेम सात. ओठ निळसर.

"डॉक्टर! ऑक्सिजन!"

विद्याधररावांना जाग आली ती थेट रुग्णालयात. शेजारी सहाना. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंजावरी मराठी; तिच्या बोलण्याला तमिळची झुलती चाल होती.

"सार, आमच्या गोळीशिवाय आणिक काय घेतलंत?"

"काही नाही."

अर्चनाने पर्समधून दोन पाकिटं काढून पलंगावर ठेवली.

"अय्यो," सहाना म्हणाली. "एकेक गोळी बरी असेल. तिन्ही एकत्र झाल्या की श्वासालाच झोप लागते, सार."

त्या वाक्याने त्यांची सगळी मजा उतरली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि आपण बायकोला विधवा करायला निघालो होतो! ते रडले.

पुढच्या सोमवारी त्यांनी बैठकीत सगळं सांगितलं, चिठ्ठ्यांसकट. मग कौशिक नावाच्या कॉम्प्युटरवाल्या पोराने लॅपटॉपच्या बॅगेतून हळूच गोळ्यांचं एक पाकीट काढलं. ते पाहून शाळेतून निवृत्त झालेल्या भवानीअम्मांनी पावडरचा डबा उघडला. आत पावडर नव्हतीच!

"टीचर, तुम्हीसुद्धा?" कौशिकने विचारलं.

"गप्प बैस, बेंचवर उभा करीन," अम्मा म्हणाल्या, आणि जे हसू फुटलं ते आवरेना. विद्याधररावांच्या पोटात कळा आल्या. गोळीच्या धुंदीविना इतकं हसू येतं हे ते विसरूनच गेले होते.

"आता एकच चिठ्ठी," केंद्रातल्या डॉक्टर नारायणस्वामींनी बजावलं. "या गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, झटके येतात. मी सांगेन तशा हळूहळू उतरवायच्या."

उतरवताना विद्याधरराव घामाघूम झाले, चिडचिडले, पंख्याच्या आवाजावरून पंख्याशीच भांडले. जिभेखालची गोळी मात्र चालू राहिली. चार महिने असेच गेले.

मग एका सकाळी सहानाचा फोन वाजला. अर्चनाला हसू आवरत नव्हतं.

"सिस्टर, हे काल आपले आपण झोपले! असे घोरले, असे घोरले, की खालच्या मजल्यावरच्या मामी विचारायला आल्यात, तुमची मोटार बिघडली का म्हणून!"

मागून विद्याधररावांचा आवाज आला, "अगं, त्यांना सांग, मोटार दुरुस्त झालीय!"