हारूनने पंप काढला नाही

हारून दापोलीकडचा. बहरीनला जिदहफ्समधल्या एका गॅरेजात पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. काही वर्षांपूर्वी एका एजंटने त्याला आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीवर नोकरी लावून दिली. बायको, हमीदा, नको म्हणत होती. तरी तो गेला.

तिथे वाळवंटात ताडपत्र्यांची वस्ती होती. पोलीस नाही, सरकार नाही. मालकाची बंदूकवाली माणसं सांगतील तो कायदा. पोचताच त्यांनी हारूनचा पासपोर्ट काढून घेतला. मजुरांना दोराने अरुंद खड्ड्यांत सोडत. आजारी पडून जो उतरला नाही, त्याचं पिण्याचं पाणी बंद. खड्ड्यांत झिरपणारं पाणी उपसणं हे हारूनचं काम.

एका सकाळी एका खड्ड्यात पाण्याचा झरा फुटला. आत पाच माणसं होती. मुकादम धावत आला. "पंप काढ, पलीकडे लाव. तिथे सोनं लागलंय."

"आत माणसं आहेत," हारून म्हणाला.

"माणसं दुसरी मिळतील."

हारून पंपासमोरून हलला नाही. मालकाच्या माणसांनी बंदुकीच्या दस्त्याने त्याचा हात मोडला. पण तोवर सगळीकडून मजूर येऊन भोवती उभे राहिले होते. मुकादम मागे सरला. चौघं वर आले. पाचवा, इद्रिस, आलाच नाही.

त्या चौघांनीच पुढे हारूनला पाण्याच्या टँकरमध्ये लपवून शहरात पोचवलं. वकिलातीने त्याला घरी धाडलं. नवीन व्हिसावर तो बहरीनला परतला. हात वाकडाच जुळला. कुणी विचारलं तर "पडलो" म्हणायचा. हमीदालाही तेच.

गेल्या ईदला हमीदाचा भाऊ मुझम्मिल त्यांच्या बहरीनमधल्या, नईम भागातल्या खोलीवर जेवायला आला. "दुल्हेभाई, मलापण खाणीवर काम मिळतंय. पासपोर्ट दिला एजंटकडे."

हारूनने घास खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. इद्रिसचंही. आवाज कुठेच चढला नाही. हमीदा हातातलं भांडं तसंच धरून ऐकत होती.

"सगळ्या खाणी तशा नसतील," मुझम्मिल पुटपुटला.

"नसतील. आधी पासपोर्ट परत घेऊ, मग ठरव. मी येतो."

दोघं एजंटच्या ऑफिसात गेले, तर तो "इंशाल्ला, उद्या" म्हणत राहिला. हारून खुर्ची ओढून बसला आणि तिथे थांबलेल्या इतरांनाही खाणीची हकीकत सांगू लागला. मग एजंटने मुकाट्याने पासपोर्ट काढून दिला. आणखी काहींनी आपले मागून घेतले. त्यांच्यातले दोघं मात्र खाणीवर गेलेच. त्यांची काही खबर आहे का, असं हारून अजून भेटेल त्याला विचारतो.