गंगूच्या रामरामाचा जबाब

बायांनो, आज दुपारी झालं ते सांगून राहिली.

माझ्या बहिणीची गंगू सोळा वर्षांची, पण समज लहान लेकराची. चार माणसांत गेली की पदर चावते. म्हणून म्या अन् माझी मैत्रीण सखूनं दोन महिने तिले रोज एकच शिकवलं: समोर जायचं, 'रामराम' म्हणायचं, अन् समोरचं माणूस बोलेपर्यंत थांबायचं.

आज सखूच्या वावरात सीतादही होतं. कापसाच्या पहिल्या वेचणीच्या वक्ती पऱ्हाटीची पूजा करून आपण बाया दहीभात खातो, ते. गंगू आपल्या मनानं पंगतीपाशी गेली. "रामराम, सखूमावशी!"

परमुलखात लढाई लागल्यापासून कापसाले सोन्याचा भाव आहे. सखूच्या बाजूले आज तिचा कापूस घेणाऱ्या अकोल्याच्या व्यापाऱ्याच्या घरच्या बाया बसल्या होत्या. सखूनं मान फिरवली.

"कोणाची पोरगी व्हय हे? तिकडं बैलापाशी बसवा तिले."

जिनं शिकवलं, तिनंच!

गंगू हलली नाही. दहीभात संपला, पंगत उठली, तरी जबाबाची वाट पाहत उभीच.

घरी येताना मले म्हणे, "मावशी, मी कमी थांबली काय वं?"

उद्या सखूच्या दारी जाऊन आणखी थांबते म्हणते.

पाठवू का तिले?