तळ्याकडची खोली

मुलांनो, सुट्टीसाठी हॉटेल निवडताना तुम्ही खिडकीतून काय दिसतं ते आधी विचारता, तेव्हा मला नगरच्या पोस्टात भेटलेली एक आया आठवते. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी तरुण शिक्षिका होते, ती साठीची. अंगावर इस्त्रीचं पांढरं लुगडं, हातात सिलोनच्या डोंगरातल्या दोन हॉटेलांची माहितीपत्रकं. गोऱ्या साहेबाची मुलं सांभाळायला ती दोन्हीकडे राहिली होती. आता खोली स्वतःसाठी हवी होती, आणि इंग्रजी पत्र मी लिहावं म्हणत होती.

"मावशी, हे लहान हॉटेल घ्या. तिथे कोणी अडवणार नाही," मी म्हणाले.

"मोठ्यात धा उन्हाळं मागल्या खोलीत काढलं, बाई. म्होरल्या जिन्यावर पाय ठिवू देत नव्हते. मला म्होरलीच पायजे, तळ्याकडची."

मी लिहिलं आणि अर्थ सांगितला, 'खोली मिळावी अशी नम्र याचना करते.' शाळेत आम्हाला अर्ज असाच शिकवला होता.

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "याचना कशापायी? भाडं देनार हाय मी. खोली ठिवा म्हनावं, मी येतीय."

मी कागद फाडला आणि तिचंच वाक्य इंग्रजीत लिहिलं. तिने खाली ठसठशीत मराठी सही केली.

तिला ती खोली मिळाली का, मला कधीच कळलं नाही. पण त्याच आठवड्यात मला शाळेतून रजा हवी होती. मी लिहिलं, 'सोमवारपासून मी रजेवर आहे.'