आईच्या तोंडाचं माप

आमच्या घरी सकाळी सात वाजता आईचं तोंड मोजलं जायचं. थट्टा नाही करत. बाबा अंघोळ करून, भांग पाडून, चष्मा पुसून यायचे, मोजायचं व्हर्नियर गरम पाण्यानं धुवायचे, स्वच्छ रुमालानं कोरडं करायचे आणि म्हणायचे, "चला, आ करा." आई खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली असायची. ती म्हणायची, "जन्मभर हा माणूस मले म्हणे, तोंड आवर. आता म्हणून राहिला, अजून मोठं उघड!" आणि हसायची. ओठ फारसे ताणले जायचे नाहीत, डोळेच हसायचे.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आता सकाळी सात वाजता आमच्या घरात काहीच होत नाही, आणि ती वेळ मला रोज टोचते.

बाबा इथल्या संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट मोजायचे आणि माप चुकलं की बाजूला काढायचे, हेच काम त्यांनी रिटायर होईपर्यंत केलं. व्हर्नियर म्हणजे स्टीलची पट्टी, तिच्यावर एक जबडा सरकतो, आणि मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा तिच्यावर वाचता येतो. बाबांचं स्वतःचं व्हर्नियर होतं. त्याला हात लावायची आम्हाला बंदी होती. साहेब येऊन "अरे भाई, इतना तो चलता है" म्हणाले तरी बाबा रिजेक्ट म्हणजे रिजेक्टच करायचे. त्यामुळे बढत्या गेल्या, पण सेक्शनमध्ये त्यांच्या आकड्यावर दुसरं कोणी बोट ठेवत नसे.

आईचा आजार बोटांपासून सुरू झाला. आमच्या महाराजपूरच्या कॉलनीत डिसेंबरात नळाचं पाणी हात कापून काढतं. आईनं भांड्यांत हात घातला की बोटं पांढरीफटक व्हायची, मग निळी, मग लाल. शेजारची भाभी म्हणाली, "दीदी, ठंड बैठ गई है, सरसों का तेल मलो." चोळलं. मग बोटं सुजून घट्ट झाली. त्यानंतर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या. पौर्णिमेला विहारात पांढऱ्या साड्या नेसून बाया जमायच्या, त्या आईभोवती गोळा व्हायच्या. "ताई, काय लावून राहिल्या वं चेहऱ्याला? पोरीची बहीण दिसता." आई अशी खूश! आणि मीही खूश, काय सांगू. शाळेत गणित शिकवणारी मी, पण अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे. दोन वर्षं आम्ही आजाराचं कौतुक करत बसलो.

ॲसिडिटीचं औषध झालं, गठियाचं, म्हणजे संधिवाताचं झालं. शेवटी बोटाच्या टोकाला जखम होऊन ती भरेना, म्हणून एका लहानशा दवाखान्यात गेलो. तिथली तरुण डॉक्टरीण जखम बघायची सोडून आईच्या हाताच्या पाठीवर चिमटा घ्यायला लागली. चिमट्यात कातडी येईचना. मग म्हणाली, "अम्मा, मुँह खोलिए. और. और." आईचं और होईना. त्या मुलीनं चिठ्ठीवर 'स्क्लेरोडर्मा' असं लिहिलं आणि म्हणाली, "नागपूर जाइए, देर मत कीजिए."

सिवनीमार्गे बसनं नागपूर गाठलं. बाबांनी कोमट पाण्याचा थर्मास घेतला होता. वाटेत दर तासाला ते आईचे हात आपल्या मांडीवर ठेवून त्यावर ओला पंचा गुंडाळत. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण चारचौघांत त्यांनी तिचा हात धरलेला मी तोवर पाहिला नव्हता.

नागपूरच्या डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी सांगितलं, की शरीराची राखण करणारी फौज आपल्याच माणसांवर उलटली आहे. कातडीत आणि आतल्या अवयवांत जो जोडणारा धागा असतो, तो त्यामुळे गरजेपेक्षा जास्त तयार होतो.

बाबा पुढे सरकले. "म्हणजे मटेरियल जास्त जमा होऊन राहिलं."

"अगदी बरोबर."

"मग घासून कमी नाही करता येत?"

डॉक्टर बाई हसल्या. "झालेलं काढता येत नाही, बाबा. नवीन होणं थांबवायचं. वेळेत थांबवलं तर थोडं मऊही पडतं. आजार मुळासकट जाणार नाही, पण बाईंची तब्येत आहे तिथे धरून ठेवता येईल." त्यांनी त्या फौजेला दाबणाऱ्या गोळ्या लिहिल्या, बोटांच्या रक्तवाहिन्या उघडणारी गोळी लिहिली, तोंडाचे व्यायाम दाखवले. आणि म्हणाल्या, तोंड किती उघडतं त्यावर घरी लक्ष ठेवा. समोरच्या दातांमध्ये तीन बोटं उभी मावायला पाहिजेत.

झालं! बाहेर आल्या आल्या बाबा चिडले. "तीन बोटं हे काय माप झालं? कोणाची बोटं? तुही का माही?"

दुसऱ्या दिवशीपासून व्हर्नियर निघालं. भोकाचं आतलं माप घ्यायला त्याला वर दोन छोटे जबडे असतात. ते आईच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये अलगद टेकवायचे, स्क्रू आवळायचा, बाहेर काढून उजेडात वाचायचं. पहिलं रीडिंग छत्तीस. मग आई विचारायची, "किती?" बाबा आकडा सांगायचे, वहीत लिहायचे. मग आई आरशासमोर गाल फुगवायची, ओठ ताणायची, आणि बाबाही तिच्या मागे उभे राहून तेच करायचे. दोघं आरशात माकडासारखे! मी शाळेत जाता जाता हसून लोटपोट व्हायचे. इतकं प्रेमाचं काही त्या घरात मी आधी पाहिलं नव्हतं, खरं सांगते.

नागपूरचा प्रवास आईला झेपेना. म्हणून डॉक्टर बाईंनी मधल्या तपासण्या फोनवर ठेवल्या. बाबा दर महिन्याला वही उघडून आकडे वाचायचे. छत्तीस. पस्तीस. पस्तीस. डॉक्टर बाई म्हणायच्या, "वा, टिकून आहे. औषध हेच राहू दे."

आई मात्र फुलकी, म्हणजे पाणीपुरी, खायची बंद झाली होती. ठेल्यासमोरून जाताना म्हणायची, "नको वं, पोटाले सोसत नाही." पोळी ती चहात बुडवून खायला लागली होती. मी पाहत होते आणि तरी पाहत नव्हते. घरात आकडा होता ना, बाबांचा आकडा!

मग एका रविवारी बाबा मझौलीला नात्यातल्या लग्नाला गेले. मी म्हटलं, चलो, आज मी मोजते. एकतीस आलं. म्हटलं, माझाच हात चुकला. पुन्हा घेतलं. एकतीस. आईनं विचारलं, "किती?" मी म्हटलं, "नीट दिसत नाही, बाबा आल्यावर पाहू." वहीत आदल्या दिवशीचे पस्तीस लिहिलेले होते.

संध्याकाळी बाबा फाटकातून आत येतात तोच मी वही त्यांच्या पुढ्यात धरली.

"हे काय आहे, बाबा?"

"रीडिंग हाय."

"खोटं आहे."

ते ओसरीच्या पायरीवर बसले. बराच वेळ बूट काढत राहिले. मग म्हणाले, "आकडा ऐकताना तिचा चेहरा पाह्यला का तू कधी?"

"चेहरा!" मी ओरडले. "तिचा चेहरा हलतो तरी का आता?"

तेव्हा माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. आत आई होती. तिनं ऐकलं असणार.

"तुम्हाला कळतंय का, डॉक्टर बाई या आकड्यांवर औषध ठरवून राहिल्या!" मी म्हटलं.

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच नव्हतं. फोनवर आई शेजारीच ऐकत असायची; त्यांना वाटलं होतं, आकडा फक्त तिला ऐकवायचा आहे, औषध डॉक्टर बाई आपल्या हिशेबानं ठरवतात. ते असे पांढरे पडले की मला भीती वाटली. मग उठले, आत गेले, आईच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि तिच्यादेखत फोन लावला. "मॅडम, मी रीडिंग चुकीचं दिलं. चुकून नाही. जाणूनबुजून दिलं."

डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, परवाच या. नागपूरला नळीत फुंकायची तपासणी झाली, छातीचा स्कॅन झाला. कातडीबरोबर फुप्फुसंही थोडी कडक व्हायला लागली होती. औषध वाढवलं, आणखी एक सुरू केलं. "आलात ते बरं झालं," एवढंच त्या म्हणाल्या. वेळेत आलो का, हे मी विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये आई एक शब्द बोलली नाही. जिच्या तोंडाचा पट्टा सिवनीपर्यंत थांबत नसे, ती बाई गप्प! फक्त चहाला उतरलो तेव्हा म्हणाली, "मले लहान पोर समजले तुम्ही."

त्यानंतर मोजायचं काम माझ्याकडे आलं. बाबा त्या वेळी अंगणात झाडांना पाणी घालायचे, आत यायचेच नाहीत. एकतीस. तीस. तीस. मी खरं सांगत होते, आणि खरं सांगताना नजर वहीवरच ठेवायचे. तेव्हा कुठे मला बाबांची गत कळली. मग चार-पाच महिन्यांनी एकतीस आलं. मग बत्तीस. मी नाचायचीच बाकी होते.

"आई, बत्तीस!"

"हो, हो," आई म्हणाली. "तूही बापाचीच पोर."

"अगं, खरंच!"

"असू दे, बाई."

तिचा विश्वासच उडाला होता. वाईट आकडा सांगितला की तो तिला खरा वाटायचा, चांगला सांगितला की खोटा. हळूहळू तिनं आरशासमोर उभं राहणं सोडलं. काय उपयोग, म्हणे. एकदा उशीच्या खोळीत मला चार गोळ्या सापडल्या. मी रडले, भांडले, पायाही पडले. ती नुसती खिडकीबाहेर बघायची. औषध लागू पडत होतं आणि तीच ते सोडून राहिली होती.

गोळ्या मी बाबांना दाखवल्या. दुपारची वेळ होती. कित्येक महिन्यांनी त्यांनी व्हर्नियर हातात घेतलं आणि आईच्या पलंगावर जाऊन बसले. "हे धर," ते म्हणाले. "मी शिकवतो. तूच वाच."

"मले काय समजते त्यातलं?"

"दहावी पास हायेस ना तू? खालच्या शून्याच्या डावीकडे वरच्या जेवढ्या रेघा, तेवढे पूर्ण मिलिमीटर. खालच्या बारीक रेघांपैकी कोणती वरच्या रेघेशी जुळते, ते पाह्यचं. बस."

तासभर चाललं. बाबांनी तिच्याकडून काडेपेटी मोजून घेतली, बांगडी मोजून घेतली, स्वतःचा अंगठा मोजून घेतला. तिच्या ताठ बोटांना स्क्रू आवळत नव्हता. बाबांचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा त्यांनी तो मागे घेतला. शेवटी तिनं दोन्ही हातांच्या तळव्यांत धरून तो आवळला. मग आरसा घेतला, व्हर्नियर दातांत टेकवलं, काढलं आणि उजेडाकडे वळली. बाबा उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"तेहतीस," ती अडखळत म्हणाली. "थांबा... तेहतीस पूर्ण. अन् खालची चवथी रेघ जुळून राहिली."

"नक्की?" बाबांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

आईनं पुन्हा एकदा उजेडात पाहिलं.

"मी काहून खोटं सांगू, अजी?"

बाबांनी भिंतीला हात टेकवला आणि ते मोठमोठ्यानं रडायला लागले.